दहा कामट्यांचा तारा

डिसेंबर अर्ध्यावर आला की कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरच्या बांबवडे, मलकापूर यांसारख्या बाजाराच्या गावांतही दुकानांपुढे लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि चकचकीत कागदाचे तारे टांगलेले दिसू लागतात. शाहूवाडी तालुक्यात ख्रिस्ती कुटुंबे फार नाहीत. मग हा माल घेते कोण? घेतात ते शाळकरी मुलांचे आईबाप. इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावापर्यंत आल्या, त्यांच्याबरोबर ‘ख्रिसमस सेलिब्रेशन’ आले आणि त्याच्यामागोमाग रात्री साडेआठ वाजता दप्तरातून निघणारी ती चिठ्ठी आली. आता ती चिठ्ठी आईच्या मोबाइलवर येते, एवढाच काय तो फरक. मजकूर तोच : उद्या येताना प्रत्येकाने स्वतः बनवलेला तारा आणावा. दुकान बंद व्हायला अर्धा तास उरलेला असतो. वडील तसेच गाडी काढतात, तारा विकत आणतात, आई त्याच्यावरची किमतीची चिठ्ठी नखाने खरवडते आणि मागे मुलाचे नाव लिहिते. दुसऱ्या दिवशी बक्षीस मिळते ते बहुधा ज्याच्या बापाला कोल्हापूरच्या दुकानातून तारा आणता आला, त्याला.

या सगळ्यात मुलाच्या पदरी काय पडले? ‘स्वतः बनवलेले’ याचा अर्थ ‘विकत आणलेले’ असा असतो आणि तो मोठ्या माणसांनाही ठाऊक असतो, ही एक गोष्ट मात्र ते पक्की शिकले. सहा-सात वर्षांच्या वयात हा धडा फार महागात पडतो. त्याची किंमत ताऱ्याच्या किमतीत धरलेली नसते.

शाळांतल्या या नाताळाला हल्ली दुसऱ्या बाजूनेही विरोध होतो. हा आपला सण नव्हे, आपल्या मुलांना त्या टोप्या कशाला घालता, असे काही पालक विचारतात. टोपीची सक्ती असू नये हे आम्हालाही मान्य आहे, पण त्यांचे कारण आम्हाला पटत नाही. शेजाऱ्याच्या सणाला हातभार लावल्याने कोणाचा धर्म बुडाल्याचे या जिल्ह्याने कधी पाहिलेले नाही. मोहरमच्या पंजांपुढे नवस बोलणारी हिंदू घराणी कोल्हापूर भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. शाळेत जो नाताळ होतो तो इथल्या कोणाचाच नसतो. वर्गात एखादे ख्रिस्ती मूल असले, तरी त्याला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुमच्या घरी हा सण कसा करतात? विचारले असते तर ते कापसाच्या बर्फाबद्दल बोलले नसते. करंज्यांबद्दल, चकल्यांबद्दल, दारावरच्या ताऱ्याबद्दल बोलले असते.

कारण महाराष्ट्रातला नाताळ जुना आहे. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि मराठीत इतका मुरला की तो परका आहे हे सांगावे लागते. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. त्यांनी शाळा काढल्या. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. शाहूवाडीला लागून असलेल्या पन्हाळा तालुक्यात कोडोलीला मिशनचे ठाणे झाले, तिथे दवाखाना चालला. त्या काळी ख्रिस्ती झालेली घरे इथलीच, त्यांची भाषा इथली, चूल इथली. त्यामुळे त्यांच्या नाताळात दिवाळीचा फराळ आपसूक आला. शंकरपाळ्यांचे डबे भरले आणि शेजारीपाजारी ताटे फिरली. आणि आकाशकंदील ज्या कामट्यांचा, ज्या खळीने आणि ज्या कागदाने व्हायचा, त्याच कामट्यांचा आणि कागदाचा नाताळचा तारा होऊ लागला. दिवाळी आणि नाताळ यांत जेमतेम दीड-दोन महिन्यांचे अंतर. मुलांचे हात तापलेलेच असतात.

तो तारा करायचा कसा, हे इथे जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण ज्यांना ते येत होते ती माणसे आता आजोबा झाली आहेत आणि नातवंडांना वाटते की तारे कारखान्यातच उगवतात.

कळक शोधायला शाहूवाडीत लांब जावे लागत नाही. बांधावर, परसात, ओढ्याकाठी बेटे आहेत. (खासगी जमिनीतला हा कळक कायद्याच्या दृष्टीने २०१७ सालापर्यंत ‘झाड’ होता आणि तोडून वाहून नेताना परवान्याची कटकट होती. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला गवतच म्हणत आले होते. त्या वर्षी वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारनेही ते मानले.) फार कोवळा कळक घेऊ नये, तो वाळताना आकसतो आणि गाठी ढिल्या पडतात. दोन-तीन वर्षांचा घ्यावा. कोयत्याने तो उभा चिरायचे काम मोठ्या माणसाचे. पण चिरलेली कामटी काचेच्या तुकड्याऐवजी जाड पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत करणे, पेराची गाठ सपाट करणे, सगळ्या कामट्या एका मापाच्या आहेत ना हे उभ्या धरून पाहणे, ही कामे आठ वर्षांचे मूल अगदी मन लावून करते. कामट्या करंगळीहून अरुंद हव्यात, साल एका अंगाला राहू द्यावी. वाकवल्यावर तीच कामटीला तारते.

दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या लागतात. पाचांचा एक तारा आणि पाचांचा दुसरा. जमिनीवर खडूने तारा काढावा, आपण पाटीवर हात न उचलता काढतो तसा, आणि त्या रेघांवर कामट्या ठेवाव्यात. एक वरून, दुसरी खालून, अशी वीण घातली तर सांधे आपोआप एकमेकांना धरून राहतात. पाच टोके सुतळीने बांधायची. इथे पहिला घोटाळा होतो. तारा एका अंगाला कलतो, एक पाय लांब आणि एक आखूड दिसतो. मोठ्या माणसाने या वेळी पुढे होऊन तो सरळ करू नये. मुलाच्या हाती मोजपट्टी द्यावी आणि शेजारच्या दोन टोकांतले अंतर मोजायला सांगावे. पाचही ठिकाणी ते सारखे, पंधरा इंचांच्या किंचित आत भरले पाहिजे. मग कामट्या जिथे एकमेकींना छेदतात ती जागा मोजावी. दोन फुटांच्या कामटीवर ती टोकापासून सव्वानऊ इंचांच्या जरा अलीकडे येते, दोन्ही बाजूंनी, आणि मधे साडेपाच इंचांहून थोडा जास्त तुकडा उरतो. हे मुलाने एकदा स्वतः मोजून काढले की दुसरा तारा त्याला कोणी सांगावा लागत नाही. ताऱ्याच्या पाच टोकांचे कोन मोजून बेरीज केली तर १८० अंश येते, त्रिकोणाच्या तीन कोनांइतकीच. सहावी-सातवीच्या मुलाला हे फळ्यावर सांगून पाहा आणि सुतळीने बांधलेल्या कामट्यांवर दाखवून पाहा. फरक त्याच्या डोळ्यांत दिसेल.

आता दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोके बांधायची. मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत चार-पाच इंचांचे पाच टेकू उभे करायचे की तारा फुगतो, त्याला पोट येते. हा क्षण मुले विसरत नाहीत. मघापर्यंत जमिनीवर आडवी पडलेली कामट्यांची जाळी एकदम वस्तू होते, उचलता येते, फिरवता येते. ते पाच टेकू बसवताना दोन माणसे लागतात, एकाने दाबून धरायचे आणि दुसऱ्याने सरकवायचे, म्हणून भावंडांतली भांडणे निदान तेवढा वेळ मिटतात.

खळ मैद्याची. पूर्वी कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत, तो मात्र मुलांच्या कामात अजिबात नको, विष आहे. ताजी खळ शिजवावी आणि त्याच दिवशी संपवावी. कागद पतंगाचा, जमल्यास दोन रंगांत. सुरकुत्या पडतील, कडा वाकड्या कापल्या जातील. पडू द्याव्यात. आत दिवा लागला की सुरकुतीचीही नक्षी होते. दिव्याचे बोलायचे तर पूर्वीच्या चाळीस वॅटच्या बल्बने कागद तापायचा, कधी जळायचाही. आताच्या एलईडीने ते भय पुष्कळ कमी केले आहे. तरी वायर जोडणे मुलांवर सोपवू नये.

गंमत अशी की हा सांगाडा एकट्या आपला नाही. फिलिपाइन्समध्ये नाताळला ‘पारोल’ नावाचा कंदील घरोघर लागतो. बांबूच्या दहा काड्या, पाच टोके, मधे टेकू, वर पातळ कागद. तिथल्या पोरांना शाहूवाडीच्या पोरांनी शिकवले नाही आणि इथल्यांना त्यांनी नाही. ज्या मुलखात बांबू आहे आणि कागद मिळतो तिथे हाताला हेच सुचते.

जर्मनीतली गोष्ट याहून वेगळी आणि आमच्या मुद्द्याला जास्त जवळची आहे. सॅक्सनी भागात मोरावियन पंथाच्या वसतिशाळा होत्या. दूरदेशी मिशनचे काम करणाऱ्यांची मुले तिथे आईबापांवाचून राहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शाळांतून मुले कागदाचे अनेक टोकांचे तारे करू लागली. परंपरा अशी सांगते की तो भूमितीच्या तासाचा पाठ होता. कागदाचे निमुळते शंकू करायचे, काही चौकोनी तळाचे आणि काही त्रिकोणी तळाचे, आणि ते जोडत जायचे. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी हा तारा खोलीत लागायचा. पुढे १८९७ च्या सुमारास हर्नहूट गावी त्याची विक्री सुरू झाली आणि आज पंचवीस टोकांचा तो तारा जगभर जातो. कारखाना झाला, चांगलेच झाले. पण सुरुवात झाली ती गणिताच्या तासाला, आईबाप हजारो मैल दूर असलेल्या मुलांच्या हातांनी. शाहूवाडीत कितीतरी घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला असतो, सणासुदीला चार दिवस येतो. तो यायच्या आधी मुलांनी काही करून दारावर टांगून ठेवणे म्हणजे काय, हे इथल्या आयांना समजावून सांगायला नको.

ताऱ्यानंतर गोठा. इथे तर शाहूवाडीच्या मुलाला कोणी काही शिकवायचीच गरज नाही. शहरातली मुले पुठ्ठ्याचा गोठा चित्रात बघून करतात. या मुलाच्या घरी तो आहे, सकाळी उठून त्याने तिथले शेण काढलेले आहे. मराठी बायबलमध्ये बाळ येशूला ठेवले ती जागा ‘गव्हाण’ आहे. हा शब्द पुण्या-मुंबईच्या मुलांना अडतो, याला अडत नाही. लूकच्या शुभवर्तमानातल्या जन्मकथेत गव्हाण आहे, पण गाढव आणि बैल यांचा उल्लेख नाही. ते लोकांनी नंतर आणून बांधले. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये खरी गव्हाण, खरे गवत आणि जिवंत बैल-गाढव आणून नाताळची रात्र साजरी केली, आणि गोठा मांडायच्या चालीला तिथून मोठा जोर आला. त्या माणसाला जे सुचले त्यात बाजारातून आणलेले काही नव्हते. गावात जे होते तेच त्याने मांडले.

आपल्याकडे बेंदराला मातीचे बैल होतात. दिवाळीला मुले किल्ला करतात, त्याच्यावर मोहरी किंवा अळीव पेरतात आणि चार दिवसांत हिरवे जंगल उभे राहते. शाहूवाडीच्या मुलाचा किल्ला तर पुस्तकातला नसतोच. विशाळगड त्याच्याच तालुक्यात, पावनखिंडही तिथेच. १६६० च्या जुलैतली ती वाट त्याच्या पायाखालची आहे. ज्याला किल्ला येतो त्याला गोठा येतो. माती तीच, मोहरी तीच. गोव्यात आणि वसईत नाताळच्या गोठ्यांभोवती असेच कोवळे अंकुर उगवून घेतलेले दिसतात. कारवीच्या काड्यांचा कूड, वर गवताचे छप्पर, बेंदराचे उरलेले बैल, आणि बाळाला निजवायला मूठभर पिंजर. वर्गात एका जरी ख्रिस्ती घरातले मूल असेल, तर कोणती मूर्ती कुठे ठेवायची ते त्याला सांगू द्यावे. वर्षभर जे मूल हजेरीत एक वेगळे आडनाव एवढेच असते, ते त्या दिवशी वर्गाचे कारभारी होईल.

आता कोणी म्हणेल, अभ्यास सोडून हे उद्योग कशाला? ज्यांनी मुलांच्या शिक्षणाचा खरा विचार केला त्यांनी हाताला कधीच अभ्यासाबाहेर ठेवले नव्हते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा परदेशी साधने परवडत नव्हती म्हणून त्यांनी पाने, बिया, खडे, शिंपले हाताशी घेतले आणि ती साधने अधिक चांगली ठरली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शाळेत ‘कार्यानुभव’ आणायला सांगितले. विषय आला, वेळापत्रकात तास आला, आणि पुष्कळ शाळांत तो तास गणित-इंग्रजीच्या राहिलेल्या पोर्शनला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत सुतार, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी शिकावे अशी अपेक्षा आहे. शाहूवाडीच्या शाळांनी त्यातला एक दिवस डिसेंबरात ठेवावा आणि गावातल्या बुरुडाला सन्मानाने बोलवावे, त्याला दिवसाची मजुरीही द्यावी. सूप-डालग्यांची जागा प्लास्टिकने घेतली तेव्हापासून त्याच्या हातातली विद्या बघायला कोणी येत नाही. ती शाळेच्या ओट्यावर बघितली जाईल.

हे कोल्हापूर जिल्ह्याला नवे वाटू नये. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा घरीच बनवायला घेतला. आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी, म्हणजे बाबूराव पेंटरांनी, दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये तो पुरा केला. एवढ्या मोठ्या गोष्टीशी कागदाच्या ताऱ्याची तुलना होत नाही हे खरे. पण तुटलेली वस्तू उघडून बघणारा आणि नसलेली वस्तू जुळवून बघणारा हात लहानपणीच तयार होतो, तो कॉलेजात जाऊन होत नाही.

स्पर्धांबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. शाळा, मंडळे, वर्तमानपत्रेसुद्धा, सगळ्यांना सजावट स्पर्धेची हौस. स्पर्धा आली की बक्षीस आले, बक्षीस आले की वडील पुढे सरसावले. आमची सूचना साधी आहे. तारा घरून मागवूच नये. कामट्या आणि कागद शाळेने द्यावेत, दोन दुपारी द्याव्यात आणि मुलांनी तिथेच, सोबत्यांच्या देखत तो करावा. मग परीक्षकाची गरजच उरणार नाही, कोणी काय केले ते सगळ्यांनी पाहिलेले असेल. थर्मोकोलचा प्रश्नही मिटेल. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि तरीही शाळेच्या रंगमंचामागे पांढऱ्या कण्यांचा ढीग दिसतो तो घाईच्या पोटी. दोन दुपारी मिळाल्या तर थर्मोकोलकडे कोणी वळणार नाही.

आणि घरी? घरी आईबापांनी एवढेच करावे की अकरा वाजेपर्यंत जागून मुलाचे काम स्वतः पुरे करू नये. अर्धा राहिलेला तारा अर्धाच टांगावा. एक बाजू लाल आणि एक बाजू उघडी, असा तारा गल्लीत दिसला तर त्या घरात लहान मूल आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळेल. लेकाला राहिलेली बाजू दुसऱ्या दिवशी करावीशी वाटली तर खळ पुन्हा शिजवायला दहा मिनिटे लागतात.

नाताळच्या सजावटीची मुदत सहा जानेवारीपर्यंत असते, तीन राजांचा सण होईतो. त्यानंतर तारा उतरवावा, कागद ओला करून सोलून काढावा, सुतळीच्या गाठी तशाच ठेवाव्यात. सांगाडा माळ्यावर टाकताना चुलीच्या बाजूला टाकावा. धूर लागलेल्या कळकाला भुंगा सहसा धरत नाही. पुढच्या आश्विनात तो खाली काढला की आकाशकंदिलाला नव्या कामट्या चिरायला नकोत, नुसता कागद आणला की झाले.